तिसरीचं वाचन आणि कदम मॅडमची सही

संशोधक आणि सरकारी अधिकारी एका जीपमधून फिरायला लागले, की किश्श्यांना तोटा नसतो. रिपोर्टमध्ये मात्र त्यातला एकही मावत नाही! आमची संस्था आणि शिक्षण खातं असे मिळून आम्ही चाकण पट्ट्यातल्या तिसरीच्या मुलांचं वाचन तपासत होतो. खरे आकडे वरच्या ऑफिसात पोचले, तर कच्च्या मुलांसाठी रोज तासभर वेगळा वर्ग मंजूर होणार होता. गटशिक्षणाधिकारी कदम मॅडम आमच्या बाजूने होत्या. पण धाकधूक त्यांनाच जास्त.

पहिल्याच मीटिंगला एका केंद्रप्रमुखांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, निकाल किती टक्के पाहिजे तेवढं सांगा. तशी मुलं तयार ठेवतो." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी डायरी उघडली होती!

*

एका शाळेत गेलो तर निम्मा वर्ग गायब. गुरुजी म्हणाले, "गावाकडं गेलीत, परभणीला." मॅडम सरळ मागच्या दाराने बाहेर पडल्या. पाण्याच्या टाकीमागे दहा-बारा पोरं चिडीचूप बसलेली.

"इथे काय करताय रे?"

एक जण उभा राहिला. "मॅडम, आमी परभणीला गेलोय!"

मॅडम हसल्या नाहीत. तिथेच, टाकीच्या सावलीत त्यांनी सगळ्यांचं वाचन घेतलं. साध्या अक्षरांपाशी पोरांना घाम फुटत होता. मला फार लाज वाटली.

*

चऱ्होलीत एका आईला मी मोठ्या गांभीर्याने मुलीचा निकाल समजावला. ती म्हणाली, "पोरगी वाचत न्हाई हे मला कवाच ठावं हाय. तुमाला कळायला सर्व्हे लागला व्हय?"

मी फॉर्म पिशवीत ठेवला.

*

"आकडे जरा सुधारून पाठवा," असा वरून फोन आला. मॅडम रिपोर्ट पुढ्यात घेऊन बसल्या. "सही केली तर बदली नक्की."

"मग?" मी भीतभीत विचारलं.

"मग काय? पेन द्या तुमचं, माझं चालत नाहीये!"

*

वरचे साहेब तडक आलेच. "असं असूच शकत नाही. मी स्वतः बघतो." पहिल्याच शाळेत त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं.

पोरीने पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात धडा सुरू केला. कुठे अडखळणं नाही. साहेब माझ्याकडे वळले. "हेच का तुमचं संशोधन?" मॅडमचा चेहरा उतरला. मंजुरी गेली, असं मी मनात धरून चाललो.

"शाब्बास! बस आता," म्हणत साहेबांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मिटलं.

पोरीचं वाचन चालूच राहिलं.