रफूवालीच्या डोळ्यात बसवलेली लेन्स

"तुमची कॉर्निया पातळ आहे. लेसर होणार नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात मी यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. चष्मा मांडीवर होता, म्हणून मॅडमचा चेहरा म्हणजे नुसता गव्हाळ ठिपका. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक कातडी. लेसरनं तीच तासतात आणि नंबर घालवतात. माझा नंबर उणे चौदा. तेवढा घालवायचा तर एवढी तासावी लागली असती की मागं काही उरलं नसतं.

"मग मी अशीच राहू का?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

"नाही. तुमच्यासाठी आयसीएल आहे."

आयसीएल म्हणजे इम्प्लांटेबल कोलॅमर लेन्स. डोळ्याच्या रंगीत पडद्याच्या मागं आणि आपल्या जन्माच्या भिंगाच्या पुढं एक मऊ, पातळ लेन्स सरकवून ठेवतात. मोतीबिंदूत जन्माचं भिंग काढतात, तसं यात काढत नाहीत. मॅडमनी आणखी एक सांगितलं, "काही अडचण आली तर ही लेन्स परत काढता येते." ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. पुढं त्याच वाक्यानं माझे चार दिवस खाल्ले.

मी मूळची सांगोल्याकडची. लग्न होऊन यवतमाळजवळच्या नेरला आले, माहेर एवढं लांब की जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. शाळा सातवीत सुटली. फळा दिसत नव्हता, बाई म्हणायच्या लक्ष नाही, आणि मलाही तेच खरं वाटायचं. हे लिहिताना शब्द चुकले तर चुकू देत. ज्यांना जाड चष्मा आहे आणि ज्यांना कोणीतरी "आयसीएल करून घ्या" म्हटलंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. हे ऑपरेशन मी ऐटीसाठी केलं नाही. ऐटीसाठी केलं असतं तरी कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं. नेरच्या बसस्टँडवर गर्दीत माझा चष्मा पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली मोडला. पाच वर्षांची मुलगी माझ्या हाताला होती. मागं येणारी बस मला आवाजावरून कळली, डोळ्यांनी नाही. मुलीनंच मला ओढून बाजूला नेलं. त्या दिवशी मी ठरवलं.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरून झाल्या होत्या. आमच्याकडं कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात. एकदा डोळा असा पिकला की डॉक्टरांनीच त्या बंद केल्या.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काय वो सुनबाई, धडधाकट डोये हाय न तुये? त्यात कायले सुया खुपसून घेतं?"

"आई, धडधाकट असते तर चष्मा कशाला लागला असता?"

"चष्मा लावूनच तुले पसंत केलं न आमी!"

माझे मालक विनोद कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. त्यांनी मधे तोंड घातलं. "माय, तिले करू दे. डोये तिचे हाय, तुये नाई." एवढंच बोलले आणि ताट घेऊन ओसरीवर गेले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

तपासण्यांना दोन खेपा लागतात. त्या का करतात ते विचारून घ्या, लाजू नका. डोळ्याच्या आत लेन्सला जागा आहे का, ते खोली मोजून बघतात. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी नावाची एक तपासणी असते, त्यात कॉर्नियाच्या आतल्या पेशी पुरेशा आहेत का ते बघतात. पेशी कमी असतील तर ऑपरेशन करत नाहीत. मग थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा, रेटिना, बघतात. थेंबांनंतर उजेड सुईसारखा टोचतो, म्हणून सोबत माणूस न्या. शेवटी मापं घेऊन लेन्स मागवतात. माझ्या लेन्स यायला तीन आठवडे लागले.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या खेपेला एक मुलगी फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते."

घरी बसून मी काय करते? रफू करते. फाटलेल्या, जळलेल्या कापडात धाग्यानं धागा विणून भोक असं बुजवायचं की जिथं होतं तिथं बोट ठेवता येऊ नये. त्यासाठी धागाही त्याच कापडाचा लागतो, आतल्या शिवणीतून ओढून काढलेला. सहा वर्षं करतेय. शालू येतात, सुटाचे कोट येतात, एकदा नवरदेवाची शेरवानी लग्नाच्या आदल्या दिवशी आली होती. पण बाई घरात बसून जे करते त्याला आम्ही काम म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. मुलीनं "गृहिणी" लिहिलं.

हे काम मला हसीना खालानं शिकवलं. खाला आमच्या मागच्या गल्लीत राहते, तिच्या सासऱ्यांपासून त्यांच्या घरात रफू आहे. पहिल्या दिवशी मी चष्मा काढला आणि कापड नाकापासून चार बोटांवर धरलं. खाला बघतच राहिली. "या अल्ला, ये आंख है के दुर्बीण!" उणे चौदाच्या डोळ्याला लांबचं दिसत नाही, पण चार बोटांवर जे दिसतं ते कोणालाच दिसत नाही. रेशमाच्या धाग्याचा पीळसुद्धा मला मोजता यायचा. देवानं एक दार लावून घेतलं होतं तर एक खिडकी ठेवली होती, आणि माझी भाकरी त्या खिडकीतून येत होती.

उजवा डोळा आधी झाला. काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही माझ्याइतके घाबरणार नाही. इंजेक्शन डोळ्यात देत नाहीत, बधिर करणारे थेंब टाकतात. पापण्या चिमट्यानं उघड्या धरतात, ते विचित्र वाटतं पण दुखत नाही. वर नुसता उजेड दिसतो. मॅडम म्हणाल्या, "उजेडाकडे बघत रहा, हलू नका." बारीक चीर देतात, गुंडाळलेली लेन्स आत सोडतात, ती आत उलगडते. थोडा दाब जाणवला, थंड पाणी वाहिलं. मी मनातल्या मनात मुलीचं नाव घेत होते. "झालं," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला वाटलं की अजून सुरूच झालं नाही.

टाके नाहीत. दोन-तीन तास तिथंच बसवतात आणि डोळ्यातला दाब तपासतात. तो वाढू शकतो, म्हणून घरी जायची घाई करू नका. थेंबांचं वेळापत्रक देतात, ते भिंतीवर चिकटवा. डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ टाळायची.

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यावरची प्लास्टिकची झाकणी काढली. समोर दवाखान्याची पाटी होती. मी ती वाचली. पूर्ण. खालची वेळसुद्धा. विनोदना म्हटलं, "तुमच्या शर्टाची वरची गुंडी वेगळ्या दोऱ्यानं लावलीय." ते म्हणाले, "घे, आता झाली मले तरास द्यायले सुरुवात."

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. सवयीनं मी एक रेशमी चिंधी उचलली आणि नाकापाशी धरली. डावा डोळा हातानं झाकला.

काही नाही. नुसता धूर. धागे नाहीत, वीण नाही, पीळ नाही. पुढं केलं, मागं केलं. हातभर लांब नेल्यावर कापड दिसलं, पण धागा इतका बारीक की सुई कुठून घालणार? मी चिंधी टाकून रडायला लागले. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, हेही विसरले.

सासूबाई आल्या. "काहून रडून राह्यली? दिसत नाई का? म्या सांगतलं होतं!" विनोद आले आणि चप्पल न काढता परत बाहेर गेले, रिक्षा बघायला. तासाभरात आम्ही यवतमाळच्या बसमध्ये होतो.

मॅडमनी डोळा तपासला. दाब बरोबर, लेन्स जागेवर. लेन्स आणि मूळ भिंगातलं अंतरही मोजलं, त्याला व्हॉल्ट म्हणतात, तेही ठीक. "सगळं छान आहे. झालं काय?"

मी सांगितलं. चार बोटांवरचं दिसत नाही.

मॅडमनी फॉर्म उलटला. "यात गृहिणी लिहिलंय."

"मीच सांगितलं तसं."

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. एवढ्या नंबराच्या माणसाला मी स्वतः विचारायला हवं होतं. आता खरं सांगते. ते चार बोटांवरचं डोळ्याच्या नंबरामुळे दिसत होतं. नंबर गेला, ते गेलं. आता तुमचा डोळा इतरांसारखा आहे. वीतभर लांबून काम करावं लागेल, बारीक कामाला भिंग लागेल. नको असेल तर लेन्स काढता येते. पण दुसऱ्या डोळ्याआधी ठरवा. एक डोळा असा आणि एक तसा घेऊन चक्कर येत राहील."

ठरवायला त्यांनी चार दिवस दिले. एवढं तोंडावर खरं बोलणारी डॉक्टर मला मिळाली, हे माझं नशीब.

घरी येताना विनोद म्हणाले, "काढून टाकू न. तुयं काम जाईन तर काय फायदा?" माझी आई फोनवर म्हणाली, "इकडं निघून ये, बाळा." मला वाटलं खरंच जावं. मग वाटलं, जाऊन काय करणार? तिथं डोळे दुसरे मिळणार आहेत?

दुसऱ्या दिवशी खालाकडं गेले. ती ओट्यावर कोटाची बाही घेऊन बसली होती, नाकावर चष्मा, त्यावर घड्याळजीचं भिंग दोरीनं बांधलेलं. मी सगळं सांगून म्हटलं, "खाला, माझी दुर्बीण गेली. रफू गेलं."

खालानं सुई खाली ठेवली. "मेरी आंख तेरे जैसी कब थी? जवानी में भी नहीं थी. मैं क्या चालीस बरस से झक मार रही हूं? गधी कहीं की. रफू उंगली से होता है. आंख तो खाली चौकीदारी करती है."

मी सहा वर्षं तिच्या शेजारी बसले. तो चष्मा, ते भिंग रोज पाहिलं. कधी मनात आलं नाही की माझ्यापेक्षा दसपट चांगलं रफू ती माझ्यासारख्या डोळ्यांशिवाय करते. माझ्या डोळ्याचं एवढं कौतुक झालं होतं की कौतुक हातांचंही असू शकतं, हे मी विसरले होते.

तिनं स्वतःचं भिंग सोडून माझ्या कपाळाला बांधलं, डावा डोळा रुमालानं झाकला आणि एक जळका सुती तुकडा धुऊन, झटकून हातात दिला. "कर."

धागा दोनदा सुटला. सुई तीनदा चुकीच्या घरात गेली. मान दुखली, कारण ती वाकवायची सवय होती आणि आता ताठ ठेवायची होती. बोटं मात्र चालत होती, मी बघते की नाही याची वाट न बघता. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, अजानपर्यंत एका नखाएवढं भोक भरलं.

खालानं तुकडा उजेडाकडं धरला, उलटा केला, नखानं घासला. मग एका जागी बोट ठेवलं. "यहां एक धागा ऊपर आना था, नीचे गया."

"एकच?"

"एक ही चूका तो सयानी हो गई क्या? उधेड."

मी उसवलं नाही. तो तुकडा हातातून घेतला, ओढणीत बांधला आणि घरी आले. एक चुकला म्हणजे बाकीचे सगळे बरोबर होते. पहिल्या दिवशी, एका डोळ्यानं, उसन्या भिंगातून. विनोदना म्हटलं, "मॅडमना फोन करा. दुसरा डोळा करायचाय."

"पक्कं?"

"पक्कं. आणि आईंना सांगा, आता मधे बोलायचं नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आयकून राह्यली मी." थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या.

आज आठ महिने झाले. खोटं लिहिणार नाही. अंधारात दिव्यांभोवती गोल कडी दिसतात. पहिले दोन महिने त्रास व्हायचा, आता कमी आहे. दरवर्षी रेटिना तपासावी लागते, कारण नंबर गेला तरी आतून डोळा लांबट तो लांबटच राहतो. बारीक रेशमाला मला पूर्वीपेक्षा दीडपट वेळ लागतो. चार बोटांवरचं ते जग मला कधीकधी आठवतं, आणि आठवलं की वाईट वाटतं. वाटू दे. वाईट वाटलं म्हणजे चुकलं असं नसतं.

तुम्ही जाणार असाल तर माझं एकच ऐका. डॉक्टरांना तुमचं काम सांगा. घरातलं असो, शेतातलं असो, कोणी त्याला काम म्हणो न म्हणो. किती लांबून बघता, किती बारीक बघता, हातानं करून दाखवा. ते विचारणार नाहीत तर तुम्ही सांगा. सातवी शिकलेल्या बाईला एवढं बोलता येतं, तुम्हालाही येईल.

परवा गल्लीतल्या एकीनं खोचून विचारलं, "काय वो, एवढं करून बी चाळिशीले जवळचा चष्मा लागनच न तुले?"

"लागेल," मी म्हटलं. "तेव्हा लावीन."