अक्काचा दत्त

माझा धंदा लोकांची निराशा करण्याचा आहे. लोक घरातली जुनी चित्रं आणि दिवे घेऊन येतात, ते शंभर वर्षांपूर्वीचे आहेत अशी त्यांची खात्री असते, आणि मी भिंग लावून सांगते की नाही. एका गृहस्थांनी रागाच्या भरात माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली होती. मला वाटलं आता डोक्यात घालतात. त्यांनी ती घटाघटा पिऊन टाकली आणि चित्र काखोटीला मारून निघून गेले. मला या सगळ्याचा थोडा अभिमानच होता. खोटं ते खोटं, मग समोर कुणीही असो.

समोर एकदा माझी बहीण होती.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्न झाल्यापासून पंचेचाळीस वर्षं ती चामराजपेटेत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहिली. भावोजी गेल्यावर तिच्या मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला, फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे न्यायचं ठरवलं. मुलगा चांगला, सूनही चांगली, पण फ्लॅटची सजावट करणाऱ्या बाईंनी काय यायचं आणि काय नाही याची यादी केली होती. अक्काची ट्रंक नाही, पाट नाही, पितळी हंडे नाहीत. अक्काने कशावरच हुज्जत घातली नाही. तिने फक्त दत्ताचं चित्र मागितलं.

ते चित्र तिच्या स्वयंपाकघरात होतं. चांगलं अडीच फूट उंच, सागवानी चौकटीतलं, चार गाई, चार कुत्री आणि मधे त्रिमुखी दत्त. समोर सासूबाईंचा लामणदिवा साखळीला टांगलेला. रोज सकाळी आंघोळ झाली की अक्का तो दिवा लावायची आणि दत्ताशी बोलायची. स्तोत्रं वगैरे नव्हे, सरळ बोलायची. काल भाजी खारट झाली, पोराचा फोन आला नाही, असं. नव्या घरातलं देवाचं कपाट मात्र हातभर रुंद होतं. सून लखनौची, तिला जुन्या वस्तूंचं मनापासून कौतुक. ती म्हणाली, चित्र खरंच पुरातन असेल तर आपण ते हॉलमध्येच लावू, दिव्यासकट.

म्हणून अक्काने मला फोन केला. "तू ये गं. तू सांग त्यांना."

मी गेले. भाचा घड्याळाकडे बघत उभा, सून फोनमध्ये फोटो काढायला तयार. मी आधी लामणदिवा खाली घेतला. साखळीच्या कड्या आतून झिजून बारीक झालेल्या, जोडात जुनी काजळी दगडासारखी बसलेली, दिव्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यावर हाताने चालवलेल्या कानशीचे ओरखडे. अस्सल, शंभरीच्या पुढचा. सून खूश झाली. मग मी स्टुलावर चढले, टॉर्च पेटवली आणि काचेवरूनच दत्ताच्या गालावर भिंग धरलं.

जुन्या शिळाछाप चित्रात रंगाचे ठिपके माणसाच्या हाताने दगडावर काढलेले असतात, त्यामुळे ते वेडेवाकडे, दाट-विरळ पडतात. नंतरच्या यंत्रावरच्या छपाईत ठिपके जाळीसारखे, एका मापाचे. दत्ताच्या गालावर जाळी होती. मला एवढं पुरे झालं. मी स्टुलावरूनच हसत निकाल दिला.

"कॅलेंडर आहे हे. कुठल्यातरी किराणा दुकानाने फुकट वाटलेलं असेल."

अक्का खाली उभी होती. म्हणाली, "स्वल्प नीट बघ की."

"नीटच बघितलंय," मी म्हणाले.

"सरी," अक्का कानडीत ‘बरं’ म्हणाली आणि चहा टाकायला वळली. मी स्टुलावरून उतरताना सुनेला त्या ठिपक्यांबद्दल आणखी समजावून सांगत होते. ती मन लावून ऐकत होती आणि मला ते आवडत होतं.

दिवा येलहंकाला गेला. त्यात बल्ब बसवला आणि तो हॉलमध्ये सोफ्यावर टांगला. अक्काने दत्ताला हळदकुंकू वाहिलं आणि रिक्षा करून त्याला पिंपळाच्या कट्ट्यावर ठेवून आली. देवाचं चित्र कुणी कचऱ्यात टाकत नाही, ते असं झाडाखाली ठेवायचं असतं.

त्यानंतर भाच्याचे फोन सुरू झाले. मावशी, आई जेवत नाही नीट. मावशी, आई दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. मी अक्काशी बोलले तर म्हणाली, "काही नाही गं. सकाळी हात जोडायला उभी राहते आणि कुणाकडे बघून जोडायचे ते कळत नाही." मी तिला म्हटलं की सवय होईल. आता ते वाक्य आठवलं की माझीच मला चीड येते.

महिना व्हायच्या आत एका गिऱ्हाइकाकडे मी एक चौकट उघडत होते. वर स्वस्तातली लक्ष्मी, आणि ती उचलली तर खाली दुसरी लक्ष्मी, जुनी, शिळाछाप, जरीची साडी चिकटवलेली. घरच्यांचे डोळे विस्फारले. मी ऐटीत सांगू लागले की आमच्या वडिलांचं, अण्णांचं, चौकटींचं दुकान होतं आणि ते नेहमी असंच करायचे. देवाचं चित्र जुनं झालं, कसर लागली, तर टाकायचं नाही. त्याच चौकटीत त्याच्यावर नवीन बसवायचं. म्हातारा देव मागे विश्रांती घेतो, असं अण्णा म्हणायचे.

हे बोलता बोलता मी चौकट खाली ठेवली. अक्काच्या दत्ताची चौकट अण्णांच्याच दुकानातली होती.

मी बाहेर जिन्यात येऊन सुनेने त्या दिवशी पाठवलेले फोटो फोनवर उघडले. समोरून तीन. एक बाजूने, चुकून काढलेला. तो मोठा करून बघितला. चौकटीच्या कडेला, कागद आणि मागची फळी यांच्या फटीत, जरीचा एक तुटका धागा लोंबत होता. कॅलेंडरवर जरीकाम नसतं.

मी त्या जिन्यातच बसले. अनोळखी माणसाची चौकट मी कधी मागून उघडल्याशिवाय सोडत नाही. घरच्यांना तासभर प्रश्न विचारते, कुणी आणलं, कधी आणलं, मधे दुरुस्ती झाली का. सख्ख्या बहिणीच्या घरी मी स्टुलावर उभी राहून हसले होते.

अक्काला फोन लावला. कुठल्या पिंपळाखाली ठेवलास? तिने सांगितलं आणि विचारलं, का? मी म्हटलं, सहज.

चामराजपेटेतल्या त्या कट्ट्यावर नागाच्या दगडांभोवती फुटक्या मूर्ती, हात तुटलेले गणपती, ओले फोटो असा ढीग होता. मी चपला काढून त्यात गुडघ्यावर बसले आणि एकेक देव उचलून बघू लागले. माझ्या वयाची बाई भर दुपारी देवांचा कचरा उपसते आहे हे बघायला चार लोक थांबले. दत्त नव्हता. समोरच्या फुलवालीने सांगितलं की मोठ्या चौकटी एक म्हातारा काचवाला घेऊन जातो, के. आर. पुरमचा, रुळांजवळ त्याची शेड आहे. मी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून गेले. सगळा वेळ उभीच होते, बसायला जागा होती तरी. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती, की अक्काला मी भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि ते मला उलटवता आलं नाही तर मी यापुढे तिच्यासमोर कोणत्या तोंडाने जाणार.

काचवाला काचा पुसत बसला होता. चौकटींच्या थप्पीत मला अण्णांची चौकट लगेच दिसली, फळीवर त्यांच्या दुकानाची चिठ्ठी अजून होती. आत काहीच नव्हतं. मी त्याला विचारलं, आतला देव काय केलास? तो शांतपणे उठला आणि कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला केली. काच आणि लाकूड तो विकायचा, पण कागदावरचे देव नीट रचून ठेवायचा. "सोमवार नीरिगे बिड्तीनि, अम्मा," तो म्हणाला. सोमवारी पाण्यात सोडणार होता. त्या दिवशी शनिवार होता.

आम्ही दोघांनी मिळून तो गठ्ठा उलगडला. तळाशी, एकाला एक चिकटून, दोन दत्त निघाले. वरचा कॅलेंडरचा. तो मी सोडवून बाजूला केला, आणि खालून जुना निघाला. अंगावर खरी जर, मुकुटावर काळवंडलेल्या टिकल्या, डाव्या कोपऱ्यात कसर लागलेली. भिंगाखाली ठिपके वेडेवाकडे, प्रत्येक ठिपका कुणीतरी डोळे फोडून दगडावर काढलेला. मी रडले. काचवाल्याने मला स्टूल दिलं. मग त्याने कॅलेंडरचा दत्त उचलून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "इदु बेडवा?" हा नको का?

"बेडा," मी म्हणाले. नको.

मी ताबडतोब अक्काकडे गेले नाही. मला तो चांगला करून न्यायचा होता. चार दिवस मी त्याच्यावर काम केलं. ओल काढली, सुटलेल्या टिकल्या बसवल्या, अण्णांच्या चौकटीत नवी काच घातली. माझ्या शिक्क्याचं प्रमाणपत्रही लिहिलं, छपाई कोणत्या पद्धतीची, कागद कसला, सगळं. गुरुवार दत्ताचा म्हणून मुद्दाम गुरुवारी येलहंकाला निघाले. किती दिवसांनी मला भूक लागली होती.

भाच्याने हॉलमध्येच भिंतीला खिळा ठोकला. सुनेने प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि मला मिठी मारली. लामणदिव्याखाली दत्त फार देखणा दिसत होता. मी अक्काला खोलीतून हाताला धरून आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, माझी चूक झाली. हा अस्सल आहे. आता तो इथेच राहील."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भिंतीच्या कडेला, चौकटीच्या मागे नजर टाकली, जसं कुणाच्या मागून आणखी कुणी येतंय का ते बघावं.

"हे सासूबाईंचे," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा हेच होते. काळे पडले होते, मला भीती वाटायची. मग अण्णांनी मला दुकानात नेऊन दहा-बारा चित्रं दाखवली आणि म्हणाले, तुला आवडेल तो घे. मी निवडला." ती माझ्याकडे वळली. "माझा कुठाय?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं मागे जुना आहे ते? मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू स्टुलावर होतीस."

सून हिंदीत विचारत होती की आईंना आवडलं ना. अक्का तिला "अच्छा है, बहुत अच्छा है" म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात गेली. मी बाल्कनीत जाऊन काचवाल्याला फोन लावला. त्याने मला लगेच ओळखलं. सोमवारीच सोडले सगळे, तो म्हणाला, फुलं वाहून सोडले, काळजी करू नका.

मी आत गेले. अक्का ओट्याशी कॉफीचं दूध गरम करत होती.

"तू गेली होतीस ना तिथे," पाठमोरीच म्हणाली. "होता का तो?"

मी दोन्ही हातांनी त्याला सोडवून बाजूला ठेवला होता. काच काढताना त्याच्या गालावर सांडलेलं, अक्काने वाहिलेलं कुंकू माझ्या बोटांना लागलं होतं, आणि मी ते रुमालाने पुसलं होतं.

"नव्हता," मी म्हणाले.

अक्काने गॅस बारीक केला.

"तू म्हणतेस म्हणजे नसेलच," ती म्हणाली. "तू माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलत नाहीस."