निकेलचा शेजारी

बोलण्याआधी ते नाक वर करून एकदा हवा हुंगायचे. घाटकोपरच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. साकीनाक्याच्या एका कारखान्यात ते वीस वर्षं स्कूटरच्या हँडलांना निकेलचा मुलामा देत होते. आमटी असो की जिन्यातला दिवा, कशातही बिघाड असला की हुंगून सांगायचे, "आजारी आसा." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं निदान चुकत नाही, फक्त कारण विचारायचं नसतं.

कारण विचारलं ते कारखान्यात नव्याने आलेल्या इंजिनिअरने. मुलाम्याची टाकी हुंगून आमचे शेजारी म्हणाले, "साहेब, टाकी आजारी आहे." साहेब म्हणाला, "म्हणजे काय? ताप आलाय?" सगळे हसले. दुपारपर्यंत हँडलं काळपट निघाली, माल भंगारात गेला आणि बोल त्यांनाच लागला.

त्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवायचे.

"बाई, माका कळता, पण सांगूक येना नाय," ते म्हणाले. "सांगूक येयत असा कायतरी शिकवा."

अणूपासून सुरुवात केली. "कोणी बघल्यान?" त्यांनी विचारलं. साध्या डोळ्यांनी कोणीच नाही, म्हटलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. "मगे बरोबर. देवाचाय तसाच."

आयनांवर मात्र अडलं. इलेक्ट्रॉन गेला की धन आयन आणि मिळाला की ऋण आयन, हे ऐकून त्यांनी वहीच मिटली. "ज्याचा गेला तो धन, नि ज्याका गावला तो ऋण? ह्या खयचा शास्त्र?" इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण प्रभाराचा असतो, हे मी दोनदा समजावलं. त्यांनी वही पुन्हा उघडली.

"म्हणजे पीडा गेली," शेवटी ते म्हणाले. "मगे धनच."

इतकी वर्षं मी शिकवते आहे, इतकं सोपं मला कधी सांगता आलेलं नाही.

मी दिलेली आवर्तसारणी त्यांनी कॅलेंडरशेजारी टांगली. "ही कोणाची कुंडली हाडलास?" बायकोने विचारलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, अठ्ठाविसावर निकेल, एकोणतिसावर तांबं, अगदी शेजारी. "मगे भांडणा होतली," असं म्हणून ती मासे साफ करायला गेली.

दोन-तीन महिन्यांनी टाकी पुन्हा बिघडली. या वेळी ते साहेबासमोर सरळ उभे राहिले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "साहेब, टाकीत तांब्याचे आयन आले आहेत. ते निकेलच्या आधी हँडलावर जाऊन बसतात." कोणी हसलं नाही. साहेबाने काम थांबवलं, टाकी उपसायला लावली. तळाशी हँडलं टांगायचा पितळेचा एक आकडा पडून विरघळत होता; पितळेत तांबंच जास्त. संध्याकाळी माझ्या दारात येऊन त्यांनी सगळं सांगितलं. "बाई, साहेबान माका खुर्ची दिल्यान."

वर्षभराने कारखाना गुजरातेत हलला. हा माणूस बरोबर हवाच, असा त्याच साहेबाने हट्ट धरला. टेम्पो भरून झाल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि खाली वाकले. माझ्या दुप्पट वयाचा माणूस. मी घाईने मागे सरले.

दारातून त्यांची बायको म्हणाली, "करूंदेत, बाई. माझ्या आवशीच्या, सोताच्या सासूच्या, पायाक पण कधी हात लावूक नाय ह्यांनी."

मग मी पाय मागे घेतले नाहीत.