बाहीत शिवलेलं कापड

तिनुआदेच्या घरची बारशी, लग्नं, मयतीची जेवणं, सगळ्यांचे फोटो तिनंच काढलेले. अबेओकुटा शहरात तिचा फोटो स्टुडिओ होता. "तूच काढ गं, तुझ्यासारखा हात कुणाचा?" असं म्हणून घरचे तिला कॅमेऱ्यामागे उभं करत. पँट घालणारी, पुरुषी टोपी चढवणारी पोर मग आपसूकच फोटोबाहेर राही.

आईच्या उत्तरकार्याला मात्र तिला फोटोत यायचं होतं, तेही एकटीनं नाही. एनितान तिच्यासोबत कित्येक वर्षं राहत होती. लोक मैत्रीण म्हणत आणि विषय बदलत. कार्याला सगळ्या घरानं एकाच कापडाचे कपडे घालायचे असतात. ते निळीचं कापड एनिताननंच रंगवलं, तिचा धंदाच तो. आत्यानं ते घरोघर वाटलं, फक्त एनितानला तुकडा दिला नाही.

"ठेवून घे ना थोडं, कोण बघतंय?" तिनुआदे म्हणाली.

"रंगवलेलं काय, रोजच हातात असतं. मला दिलेलं हवं," एनितान म्हणाली.

कार्याच्या दिवशी तिनुआदे त्याच कापडाचा, पुरुषांचा घोळदार अगबादा घालून आली.

"डोक्याला बांधायचं कापड कुठंय?" आत्यानं विचारलं.

"बाहीत शिवलं. पुरत नव्हतं."

बायका फिसकन हसल्या. आत्या हसली नाही. "फोटो काढ. ऊन चढतंय."

"एनितान माझ्या शेजारी उभी राहील. नाहीतर दुसरा फोटोवाला बोलवा."

"घरच्यांचा फोटो आहे. तिच्या अंगावर घरचं कापड आहे का?"

"तुम्ही दिलं नाहीत." तिनुआदेचा आवाज चिरकला. "आईला शेवटी न्हाऊ कोण घालत होतं, आत्या? तुम्ही तर दारातून बघत होतात."

एनितान भाताच्या पातेल्याआडून हललीही नाही. आत्या तरातरा तिच्याकडे गेली, स्वतःच्या खांद्यावरचं घरच्या कापडाचं घडीचं वस्त्र ओढून काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं.

"हात पूस आधी. तेलाचा डाग पडला तर तुलाच धुवायला लावीन." मग तिनुआदेकडे वळून, "आणि तू टोपी सरळ घाल. तुझा बापही तिरकीच घालायचा. त्यालाही बोलायचे मी."

तिनुआदेनं कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दाबला आणि धावली.

फोटोत सगळे ताठ उभे आहेत. तिची बाही तेवढी फुगून आत्याच्या तोंडावर आली आहे. एनिताननं खांद्यावरचं कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलंय.

"माझं तोंडच दिसत नाही! परत काढ," असं आत्या अजून म्हणते. तिनुआदेनं तोच स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावलाय.