मागचं डावं चाक

हळद शिजवून झाली होती आणि वाळवण चालू होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. सकाळी हळद पसरायची, दुपारी हलवायची, दिवस मावळायच्या आत तिच्यावर ताडपत्री ओढायची. हाताचा पिवळेपणा जेवतानाही जात नसे. मी हळदीत आणि मालक ट्रकवर. नवऱ्याला आमच्या भागात मालक म्हणतात, मीही तेच म्हणते. आमचा ट्रक सहा चाकी, दुसऱ्याकडून घेतलेला. आसपासच्या गावांची हळद-सोयाबीन कधी वसमतला, कधी हिंगोलीला, कधी नांदेडला पोचवायची, हे त्यांचं काम. मालक घरी आले की जेवत आणि झोपत. मी उठवलं की परत जात. आमच्यात बोलणं असं फार राहिलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलायला जी थोडी ताकद लागते ती दोघांकडेही नसायची.

त्या सकाळी ते वसमतहून रिकामा ट्रक घेऊन आले. उतरून घरात यायचं सोडून मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले. मी चहा तिकडेच घेऊन गेले. डाव्या बाजूच्या जोडचाकांपैकी आतलं चाक वरपासून खालपर्यंत काळं ओलं झालं होतं आणि रिमवरून तेल ठिपकत होतं.

"सील गेलं," ते म्हणाले. "गोळ्यातलं तेल चाकात येऊन राहिलं."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याच्यात गरारीचं, म्हणजे दातेरी चाकांचं, तेल असतं, हे मला माहीत होतं. ते चाकाकडे जाऊ नये म्हणून हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, रबराची एक कडी बसवलेली असते. ती झिजली की तेल ब्रेकवर उतरतं.

"ब्रेक लागते का?"

"लागते. पन गाडी उजवीकडं वढती."

"मग मिस्त्रीकडं न्या की."

"मिस्त्री मेव्हण्याच्या लग्नाला गेला. कधी येईल भरवसा न्हाई. आन भरल्या गाडीला असा ब्रेक घेऊन जायचं म्हंजी..." त्यांनी चहा पिऊन कप माझ्या हातात दिला. "आपनच करू. पहिले क्लीनर व्हतो तवा लई खोललेत मी हब."

'आपण' म्हणजे मीसुद्धा, हे मला तेव्हा कळलं. मनात आलं, आता हेही.

आमच्याकडे पूर्वी मेंढ्या होत्या. घरामागं त्या बसायच्या ती मोकळी जागा आता ट्रक लावायला होते. वर्षानुवर्षं लेंड्या मुरून तिथली माती भुसभुशीत झाली आहे. मालकांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागं जॅक लावला आणि दांडा हलवू लागले, तर ट्रक वर जायच्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. काढला, फळी घातली, फळी चिरली. शेवटी मी मोरीतला धुण्याचा दगड उभा करून, लोळवत लोळवत तिथवर आणला. तो दगड हलवताना माझी अर्धी ताकद गेली. अजून चाकसुद्धा निघालेलं नव्हतं.

चाकाचे नट घट्ट झाले होते. पान्याला पाइप लावून मालक त्या पाइपवर उभे राहिले आणि अंगाचा भार देऊन एकेक सोडवू लागले. तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं ट्रकचा फाळका धरला होता. उजवा हात पोटाशी. मी ते पाहिलं, पण काही वाटलं नाही. उन्हात माणूस कसाही उभा राहतो. चाकं निघाली ती त्यांनी गुडघ्यानं ढकलत भिंतीला नेऊन टेकवली. मग हबचे बोल्ट काढून आतला लांब लोखंडी दांडा बाहेर ओढला. त्याच्यामागून तेल आलं, काळं, उग्र वासाचं. मी खाली घमेलं धरलं. नट निघाला, बाहेरचं बेअरिंग निघालं. आता राहिला होता हब आणि त्याला जोडलेला ब्रेकचा ड्रम. ते सगळं एकत्र बाहेर ओढायचं होतं आणि तेच सगळ्यात जड होतं.

मालकांनी दोन्ही हातांनी ड्रम धरला. एकदा हिसका दिला. ड्रम जरासा पुढं आला आणि मालकांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी हातातलं फडकं टाकून धावले. ते खाली बसले होते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मला वाटलं, छातीत कळ आली.

"काय झालं? अवो, काय झालं?"

"काई न्हाई. थांब जरा."

"छातीत दुखून राहिलं का?"

"छाती न्हाई." डाव्या हातानं त्यांनी उजवा खांदा धरला. मग म्हणाले, "हात वर जात न्हाई."

"कवापासून?"

"दिवाळीपासून आसंल."

दिवाळी होऊन अख्खा हिवाळा गेला होता. तुरी निघाल्या होत्या. हळद खणली, शिजवली. एवढ्या दिवसांत हा माणूस ट्रक चालवत होता, आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी तिथंच त्यांच्या समोर मातीत बसले. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. बनियन घालायचं त्यांनी सोडून दिलं होतं, नुसता शर्ट घालायचे. मी म्हणायचे, इंजिनाजवळ उकडत असेल म्हणून. डब्याची पिशवी खुंटीला अडकव म्हणून मला सांगायचे. मला राग यायचा, की एवढंही हातानं होत नाही का. कुशीवर झोपायचे ते उताणे झोपायला लागले होते. सगळं डोळ्यांपुढं होतं, आणि मी हळद पाहत होते.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगून तू काय करनार व्हतीस? तुला आधीच काय कमी तकलीफ हाय?"

रडू आलं नाही. राग आला, पण तोही पुरता येईना, इतकी मी दमले होते. मी उठले आणि म्हणाले, "सांगा, कसा वढायचा ते."

"तुला व्हनार न्हाई."

"तुमालाबी व्हत न्हाई. सांगा."

त्यांनी चिरलेल्या फळीचा धड अर्धा तुकडा ड्रमखाली सरकवायला सांगितला आणि त्याच्यावर ग्रीस फासायला लावलं. मी ड्रमला मिठी मारली. लुगड्याला, पोटाला, गळ्याला तेल लागलं. ते डाव्या हातानं एका बाजूनं टॉमी, ती लोखंडी पहार, घालून रेटत होते आणि मी माझ्याकडे ओढत होते. "डावीकडं... आता सरळ... हळू, बेअरिंग पडंल." ड्रम एकदम सुटला आणि फळीवरून घसरत माझ्या मांड्यांवर आला. मी मागं बसले ती बसलेच. कमरेत काहीतरी चमकलं. मालकांनी डाव्या हातानं ड्रम आडवा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लागलं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

हबच्या मागच्या बाजूला ते सील होतं. एवढा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, ते म्हणजे बांगडीएवढी रबराची कडी, एका जागी फाटलेली. मी ते टॉमीनं उचकटून काढलं.

दुसऱ्या दिवशी नवं सील आणायला वारंगा फाट्याला मी गेले. मालक म्हणाले, मी जातो. पण भरल्या जीपमध्ये एका हातानं लटकत ते कसे जातील, हे आता मला कळत होतं. जुनं सील पिशवीत घातलं, बाळापूरपर्यंत एक जीप, तिथून दुसरी. सामानाच्या दुकानात ड्रायव्हर-मिस्त्रींची गर्दी होती. मी कोपऱ्यात उभी राहिले. बऱ्याच वेळानं दुकानदारानं विचारलं, "बोलो ताई, क्या होना?"

मी पिशवीतून सील काढून काउंटरवर ठेवलं.

"मिस्त्री को भेजो ना. दुसरा साइज जाएगा तो फिर वापस आना पडेगा."

"मिस्त्री न्हाई. आमीच बसवून राहिलो."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. हळदीवर तेल चढून हातांना एक वेगळाच रंग आला होता. मग त्यानं दोन-तीन डबे उघडले, जुन्या सीलवर नवं ठेवून बराबर जुळलेलं काढलं. हबच्या तोंडाला लावायचं कागदी पॅकिंगही दिलं, ते मी मागितलं नव्हतं. "आतमध्ये स्प्रिंगवाली बाजू," त्यानं बोटानं दाखवलं, "तेल की तरफ. उलटा बैठा तो पूरा काम फिर से." येताना जीपमध्ये मी ते सील मांडीवर घेऊन बसले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, स्प्रिंग तेलाकडं, स्प्रिंग तेलाकडं.

घरी येईपर्यंत मालकांनी बेअरिंगं डिझेलमध्ये धुऊन ठेवली होती. ब्रेकचे लायनर पेट्रोलनं पुसून, घासून कोरडे केले होते. सगळं डाव्या हातानं. सील बसवायचं काम मात्र ठोकायचं, आणि हातोडी उचलणं त्यांना जमणार नव्हतं. सीलवर लाकडाचा ठोकळा ठेवून मी हळूहळू ठोकत गेले. ते शेजारी बसून सांगत होते.

"एकाच जागी मारू नको. फिरत जा. चारी बाजूनं सारखं बसू दे."

त्यांचा आवाज मऊ होता. ट्रकचं काम करताना ते कुणाशी असे बोलत असतील, असं मला वाटलं नव्हतं. की माझ्याशीच तसं बोलायचं राहून गेलं होतं, कोण जाणे. सील सपाट बसलं. ते त्याच्या कडेनं बोट फिरवून पाहत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्रीबी आसंच बसवतो."

ड्रम परत चढवायला आम्हाला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोनदा चढवला, दोनदा अडकला. दुसऱ्यांदा मी फळीवर डोकं टेकून तशीच बसून राहिले. मालकांनी पाणी आणून दिलं, ते पिऊन मी परत उठले. तिसऱ्यांदा गेला. नट आवळून ड्रम हातानं फिरवायचा. जड फिरला तर ढिला करायचा, डगडगला तर आवळायचा. हे काम त्यांनी कुणालाही दिलं नसतं. डोळे मिटून ते ड्रम फिरवत होते.

चाकं चढवून, तेल भरून झाल्यावर ते म्हणाले, एक चक्कर मारून पाहू. मी म्हणाले, मी येते. कालव्यापर्यंतचा रस्ता. त्या ट्रकमध्ये मी पूर्वीही बसले होते. पण बसले की बाहेर पाहायचे. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहत होते. सरळ रस्त्यावर काही कळलं नसतं. वळण आलं, तेव्हा उजव्या हाताचं कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि डावा हात स्टिअरिंग अर्धं ओढून, सोडून, परत वरून पकडून ओढत होता. गिअर बदलायची वेळ आली की ते स्टिअरिंग गुडघ्यानं दाबायचे. मधेच समोरून मेंढ्यांचा कळप आडवा आला. मालकांनी ब्रेक दाबला. ट्रक सरळ, जागच्या जागी थांबला.

"ब्रेक बराबर झाला," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. "आता ह्या हाताचं सांगा."

ते मेंढ्यांकडे पाहत राहिले. कळप संपला तसं मीच सांगितलं.

"ह्या खेपेला तुमी जायचं न्हाई."

"मग कोन जाईल? लोकाची हळद पोत्यात भरून ठिवली."

"तांड्यावरचा ड्रायव्हर हाय ना, उसाच्या गाडीवर व्हता तो. त्याला सांगा. तुमी नांदेडला दवाखान्यात."

"गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची?"

"तुमच्या कोन्त्या हातात हाय आता?"

हे मी फार कडक बोलले. बोलून झाल्यावर मला स्वतःलाच लागलं. त्यांनी ट्रक वळवला. त्या अरुंद रस्त्यावर तो वळवायला त्यांना किती वेळा पुढं-मागं करावं लागलं, ते मी पाहिलं. त्यांनीही पाहू दिलं.

घरी येऊन चाकाखाली पाहिलं तर परत एक ओला ठिपका. मालक त्याच्याकडे नुसतं पाहत उभे राहिले. मला तर तिथंच खाली बसावंसं वाटलं. "जुनं तेल आसंल, रिमच्या सांदीत राहिलेलं," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. आम्ही ते पुसलं, खाली पुठ्ठा टाकला आणि जेवून झोपलो. सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग होते. त्यानंतर तो कोरडाच राहिला.

नांदेडच्या डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं. रक्तात साखर निघाली. तीही बरेच दिवसांची असावी, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला आणि गाडी चालवणं बंद केलं. येताना एसटीत मालक म्हणाले, "तुझी कंबर धरली ना?" मी नाही म्हणणार होते. मग म्हणाले, "धरली. परवापासून." त्यांनी पुढच्या सीटवरच्या पोराला उठवून माझी पिशवी वर ठेवायला लावली.

हात पूर्ण सुटायला पुढचा पाऊसकाळ उलटून गेला, आणि अजूनही थंडीत तो कुरकुर करतो. तांड्यावरच्या त्या ड्रायव्हरनं ट्रक चांगला सांभाळला. पहिल्या खेपेला तो हळद भरून निघाला, तेव्हा मालक फाटकापर्यंत चालत गेले आणि मागच्या चाकांकडे पाहत उभे राहिले. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर परत आले. हळद वाळून पोत्यात गेली होती. दुपार होती. घरात करण्यासारखं बरंच काही होतं, पण आम्ही दोघंही ओसरीवर आडवे झालो आणि दिवस मावळेपर्यंत झोपून राहिलो.