माझ्या सहीची भिंत

परदेशी निघायच्या दिवशी विहारासमोर जीप उभी होती, वस्तीतली माणसं जमली होती, आणि सगळ्यांना थांबवून मी पौडला सरांच्या पाया पडायला गेलो होतो. डिग्रीनंतर चार वर्षं मी सरांच्या ऑफिसात होतो. घरांच्या नकाशांवर आणि मजबुतीच्या दाखल्यांवर सही करायला इंजिनिअरला परवाना लागतो; माझा अर्ज सरांनीच भरला होता, पहिली फीही त्यांनीच दिली होती. पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "शिक्का इथंच राहू दे रे, मिलिंद. चालू कामं अडायला नकोत." मी शिक्का टेबलावर ठेवला. मग त्यांनी पुढे केलेल्या दहा-बारा कोऱ्या कागदांवर सह्याही केल्या. परत आलो तेव्हा आई जीपमध्ये बसूनच होती. आबा म्हणाले, "सरांना कंदी न्हाई म्हनू नगंस. त्यांच्यामुळं तू हायेस."

आबा जन्मभर गवंड्यांच्या हाताखाली राबले आणि शेवटी स्वतः गवंडी झाले. आई दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायची. आमच्या घरात पहिली डिग्री माझी. ती त्या दोघांची आणि सरांची आहे असं मी मानत आलो, आणि अर्धं अजूनही मानतो.

कॅलगरीत पुन्हा पहिलीत बसल्यासारखं झालं. दिवसा वेअरहाऊसची शिफ्ट, संध्याकाळी बेसमेंटमधल्या खोलीत अभ्यास. इथल्या लायसन्ससाठी कायदा आणि नीतिमत्तेचा पेपर द्यावा लागतो. आपल्या देखरेखीखाली न झालेल्या कामावर सही करावी का, असा एक प्रश्न त्यात होता. शाळेत निबंध लिहायचो तसं मी पानभर उत्तर लिहिलं. पास झालो. माझा शिक्का पौडच्या टेबलाच्या खणात पडलाय, हे लिहिताना एकदाही मनात आलं नाही.

इथलं रिन्यूअल दरवर्षी असतं. फी भरायची, वर्षभरात काय नवीन शिकलो ते लिहायचं, एका प्रश्नावलीवर खुणा करायच्या. तिकडच्या परवान्याचं नूतनीकरण काही वर्षांनी यायचं आणि मला कळायचंही नाही. सरांचा फोन यायचा, "फी भरून टाकली रे तुझी. गावाशी नाळ राहू दे." माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. परक्याच्या पोराची फी कोण भरतं, असं मी बायकोला अभिमानानं सांगायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात ती पद्धत बदलली. अर्ज ऑनलाइन झाला आणि तो थेट माझ्या ईमेलवर आला. मागच्या मुदतीत केलेल्या कामांची यादी, दाखल्यांसकट, सोबत होती. तपासून खूण करा, ओटीपी टाका, फी भरा. मी तर एकही काम केलं नव्हतं. यादी तीन पानी होती. बंगले, रिसॉर्टच्या खोल्या, माणमधल्या भाड्याच्या इमारती. प्रत्येक दाखल्यावर माझी सही होती, आणि प्रत्येक सहीत 'म'ची शेपटी एकाच जागी तुटलेली. त्या दिवशी सरांचं पेन अडखळलं होतं. एकच सही उचलून सगळीकडे चिकटवलेली. स्वतःच्या नावाची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

दुसऱ्या पानावर आमचं गाव होतं. तो गटनंबर मला पाठ होता. आमच्या घरामागचा उतार. तो कापून वर वीकेंड बंगले झाले होते, आणि माती धरून ठेवायला बांधलेली उंच भिंत आमच्या घरावर उभी होती.

आबांना फोन लावला. "भित व्हय? लई दिस झालं की. पाटी हाय तितं, तुजं नाव हाय." आबांना फारसं वाचता येत नाही, माझं नाव येतं. "पानी जायला भोकं ठिवली न्हाईत, म्हनून डोक्यात किडा वळवळत हुता. पर म्हनलं, कालिजात शिकलेलं काय येगळं आसंल. गप बसलो. आता वाईच पोट काढलंय भितीनं. पर आमी तुज्या सहीखाली ऱ्हातो, भ्या कसलं?"

संध्याकाळी सरांचा फोन. "ओटीपी आला का? पाठव."

"सर, ही कामं माझी नाहीत."

"आपल्या ऑफिसची आहेत ना? मार टिक."

"त्यात माझ्या घरामागची भिंत आहे."

"म्हणून तर तुझं नाव घातलं! वस्तीतून एक माणूस हरकत घ्यायला आला नाही, बघ."

ते पुढे म्हणाले, "तिकडं जाऊन फार सोवळा झालास. इतकी वर्षं फी कोण भरत होतं? आणि नको असेल तर करू नको रिन्यू. परवाना बंद पडेल, विषय संपेल."

त्या फीनं मी कृतज्ञ राहिलो आणि माझा बाप गप्प राहिला. फार स्वस्तात.

सुट्टी टाकून गावाकडे गेलो, तोवर मुदत उलटली होती. परवान्याच्या कचेरीत खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "बंद परवान्यावर सही मागे घेता येत नाही, साहेब. आधी रिन्यू करा, लेट फीसकट."

"सही काढून घ्यायलाही फी?"

"सगळ्यालाच फी आहे."

माझ्या त्या परवान्याची फी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः भरली. तीन पानांवरची सगळी कामं नाकारली, भिंत धोक्याची आहे असं लिहून दिलं, आणि कोरे कागद मीच सही करून दिले होते हेही लिहिलं.

मग आबांना घेऊन पाटीसमोर उभा राहिलो. "आबा, ही भिंत माझी नाही. मी ही कधी पाहिलीसुद्धा नव्हती."

"मग तुजं नाव कशापायी हितं?"

"सरांना नाही म्हणालो नाही."

आबांनी घरातून थापी आणली आणि माझं नाव खरवडून काढलं, शेवटचं अक्षर जाईपर्यंत. मग म्हणाले, "तुज्या आयला सांग, भांडी बांद." दोघांना मुठ्याला आत्याकडे सोडून मी परत आलो. माझ्या कोऱ्या कागदांची चौकशी लगेच सुरू झाली; भिंतीची तपासणी पावसाआधी होईल असं कचेरीत सांगितलं होतं. पाऊस सुरू झाला, तपासणी झालेली नाही.

इथल्या रिन्यूअलच्या प्रश्नावलीत विचारतात, तुमच्याविरुद्ध इतरत्र कुठे चौकशी चालू आहे का? दरवर्षी मी न वाचता 'नाही'वर खूण करायचो. यंदा 'होय' केली, सगळं लिहून जोडलं. हे लायसन्स राहील की जाईल, माहीत नाही. माझ्यामागून वस्तीतून बाहेर पडलेल्यांनो, तुमचा शिक्का कुणाच्या खणात असेल तर आजच मागून घ्या. ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांच्याकडूनही. त्यांच्याकडून आधी.

आबांचं मन मुठ्यात लागत नाही. दर रविवारी ते घरी जातात आणि तिथून फोन करतात.

"उबी हाय आजून. पर पोट वाडलंय."

"आबा, निघा तिथून. आत्ता."

"जातू की. उंबऱ्यावर वाईच टेकलोय."

मला घर म्हणून आता एवढंच उरलंय. बाप उंबऱ्यावर बसलेला असतो, आणि मी कॅलगरीतून त्याला उठा, उठा म्हणत असतो.