टपावरच्या पेटीचा कीस

ऑफिसात त्याला किसणी म्हणत. समोर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे इतक्या मोकळेपणाने म्हणत की ते बायकोच्या कानावरही आलं होतं. ऐकल्याबरोबर तिला वाटलं, त्याच्या आईबापांनी उगाच दुसरं नाव शोधण्यात वेळ घालवला.

विमा कंपनीत तो ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांची पाहणी करी. भरपाई द्यायची की नाही, हे त्याच्या शेऱ्यावर ठरे. या धंद्यात तोंडावर नाही म्हणणारे पुष्कळ असतात. लोक त्यांना शिव्या घालतात आणि मोकळे होतात. किसणी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नाही. तो फक्त आणखी एक गोष्ट विचारी. धडक डावीकडून बसली म्हणता, मग उजवा आरसा कसा फुटला? फोटो आहे, पण त्यावर सावली पडलीय. दुसरा काढलात, पण त्यात नंबर दिसत नाही. माणूस हेलपाटे घालून घालून शेवटी स्वतःच कंटाळे आणि पदरमोड करून गाडी दुरुस्त करून घेई. कंपनीचा पैसा वाचे, वरिष्ठ खूश, आणि किसणी सज्जनच्या सज्जन. केस चापून बसवलेले, आवाज खालचा, वागणं मऊ. असल्या मऊ माणसांचा फार राग येतो, कारण त्यांच्याशी भांडायला कुठे धरावं तेच कळत नाही.

घरीही तो तसाच होता. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांचे वासलेले जबडे बघायचे आणि संध्याकाळी याचं चालतं तोंड, असा तिचा दिनक्रम. शाळेत जाणारी दोन मुलं होती, आणि आतल्या खोलीत त्याची आई.

सासूबाईंचं मागणं एकच होतं. त्यांची लेक, म्हणजे किसणीची थोरली बहीण, घाटापलीकडे राही. तिला सगळे ताई म्हणत. मागे एकदा ताई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले. बस बदलत बदलत तिथवर जाणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. किसणी दर सुट्टीला बायकामुलांना घेऊन ताईकडे जाई, पण आईला न्यायला गाडीत जागा नसे. गाडी पाच जणांची आणि घरातली माणसंही पाचच, तरी जागा नसे. डिकीत गॅसची टाकी होती, तिथे धड छत्री मावेना. म्हणून सामान बसे मागच्या सीटवर, खिडकीशी, वर पट्टा लावून. परत आल्यावर सासूबाई विचारीत, "कशी आहे गं ती?" बायको म्हणे, "बऱ्या आहेत, तुमची आठवण काढतात." दर खेपेला तिला हे 'बऱ्या आहेत' म्हणणं जड जाऊ लागलं होतं.

तोडगा सासूबाईंनीच काढला. शेजाऱ्याच्या गाडीच्या टपावर त्यांनी खिडकीतून एक लांबोडकी पेटी पाहिली, आणि जेवताना म्हणाल्या, "अरे, तशी पेटी बसव की आपल्या गाडीवर. सामान टपावर जाईल, मी खाली बसेन."

"छान कल्पना आहे," किसणी म्हणाला. "चौकशी करतो."

आणि त्याने केली.

पेटी काही नुसती टपावर ठेवून चालत नाही, एवढं तरी त्याचं खरं होतं. आधी टपावर दोन आडव्या दांड्या लागतात, त्यांना दुकानदार रॅक म्हणतात, आणि त्या रॅकवर पेटी आवळायची. पण दांड्या कशाला धरणार? टपाला कडेने पट्ट्या असतील तर त्यांना, नसतील तर दाराच्या चौकटीत चिमटे अडकवून. चिमट्याने रंग खरवडला तर? खाली रबर असतं. ते रबर उन्हाने कडक झालं तर? दांडी चौकोनी घ्यावी की चपटी? चौकोनी स्वस्त, पण वेगात शिट्टी वाजते. किती वाजते? या प्रश्नावर एका दुकानदाराने वैतागून तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली. किसणीने ती डोळे मिटून, लक्ष देऊन ऐकली.

मग पेटी. कापडी थैली घेतली तर पाणी झिरपतं, कडक प्लास्टिकची घेतली तर जड होते, आणि टपाला पेलवेल त्या वजनात दांड्याही धरायच्या, पेटीही धरायची. डावीकडून उघडणारी घेतली तर रस्त्याकडेला गाडी लावल्यावर काय? दोन्हीकडून उघडणारी घेतली तर दोन कुलपं, म्हणजे बिघडायला दोन जागा. फार मागे बसवली तर डिकीचं दार तिला अडणार, फार पुढे बसवली तर वारा धरणार. तो न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये आणून एकेक बॅग त्यावर उभी करी, आणि मुलं ओळीने बसून बघत. एका रविवारी त्याने पुठ्ठ्याची खोकी चिकटवून पेटीच्या आकाराचं एक धूड बनवलं, टपावर दोरीने बांधलं आणि इमारतीभोवती गाडी फिरवून कशी दिसते ते पाहिलं. वॉचमन धावत आला.

"साहेब, घर सोडताय?"

"नाही," किसणी म्हणाला. "अंदाज घेतोय."

दुकानदारांबद्दल त्याचं मत वाईट होत चाललं होतं. विकायला बसतात आणि माहिती शून्य, असं तो घरी येऊन सांगे. शेजाऱ्याची पेटी तर त्याला बघवत नसे. नाकापेक्षा मोती जड, म्हणे. पेटीच नसलेल्या माणसाने पेटीवाल्याला नावं ठेवावीत, यात त्याला काही खटकत नसे. सुट्ट्या आल्या, गेल्या. सामान खिडकीशी बसून घाट ओलांडून ताईला भेटून आलं. सासूबाई दाराशी उभ्या राहून हात हलवीत आणि पुन्हा आत जात. त्यांनी पेटीचं पुन्हा विचारलं नाही, आणि न विचारल्यामुळे हे भिजत घोंगडं त्याला आणखी सुखाने भिजवता आलं.

बायकोच्या डोक्यात उजेड पडला तो दवाखान्यात. एक गृहस्थ दाढेवर टोपी बसवायला आले होते. धातूची बरी की पांढरी? पांढरी किती टिकते? चावताना आवाज येतो का? डॉक्टर सांगतायत, हे विचारतायत. बायकोने पाहिलं, गृहस्थांचा एक हात दाराच्या कडीवर होता. "विचार करून येतो," म्हणून ते गेले. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या, "याला टोपी निवडायचीच नव्हती. याला खुर्चीत बसायचं नव्हतं." बायको हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिली. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आपल्या घरातलं सोंग ओळखायला तिला परक्याची दाढ लागली, याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी ती रबराच्या वासाने भरलेल्या त्या दुकानात गेली. गाडी कोणती ते तिने सांगितलं, तसा दुकानदार हसला. "शिट्टीवाले साहेब ना? मापं पाठ आहेत मॅडम आम्हाला." त्याने राखाडी रंगाची एक पेटी दाखवली, दोन्हीकडून उघडणारी. पुरेल का, एवढं एकच तिने विचारलं. तो म्हणाला, पुरेल. दुसऱ्या दिवशी किसणी ऑफिसात गेल्यावर दुकानाचा माणूस येऊन रॅक आणि पेटी बसवून गेला. एक कप चहा प्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फारसा जास्त लागला नसेल.

किसणी परत आला आणि गाडीभोवती फिरला. दांड्या हलवून पाहिल्या, हलल्या नाहीत. कुलूप दोनदा उघडलं, लावलं. डिकीचं दार वर केलं, कुठे अडलं नाही.

"बरी आहे," तो म्हणाला. "रंगाचा मात्र थोडा विचार व्हायला हवा होता."

"या सुट्टीला आई येतायत," बायको म्हणाली.

"येऊ दे की. मी कुठे नाही म्हणतोय?"

आतल्या खोलीतून सासूबाईंनी ते ऐकलं. त्या रात्री त्या जेवल्या कमी आणि बोलल्या जास्त.

निघायच्या सकाळी किसणी सगळ्यांच्या आधी खाली गेला. बायको मुलांना घेऊन उतरली, तेव्हा पेटी गच्च भरलेली होती. घड्या घालायच्या खुर्च्या, हवेचा पंप, पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी, नको त्या घोंगड्या. आणि मागच्या सीटवर, खिडकीशी, छताला टेकलेली एक फुगवलेली हवेची गादी बसली होती. पट्टा लावून.

"हे काय आहे?"

"ताईसाठी आहे. पडून पडून पाठीला जखमा होतात, म्हणून घेतली. रात्री फुगवून ठेवलीय. गळते का ते कळायला काही तास तरी जायला हवेत. आता मध्येच हवा काढली तर पाहिल्याचा उपयोग काय?"

आजारी बहिणीच्या पाठीआड लपणारा हा माणूस अगदी शांतपणे बोलत होता. मागे जिन्यात सासूबाई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. हातात कापडी पिशवी, अंगात ठेवणीतला स्वेटर. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग गादीकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने नवऱ्याला जे जे म्हणायचं ठेवलं होतं, ते सगळं तिच्या जिभेवर आलं. ती वाकली आणि गादीचं बूच उपटलं.

हवा सुं करत सुटली. गादी हळूहळू खाली बसत गेली, पट्टा सैल झाला, आणि तिच्यामागची खिडकी दिसू लागली. मुलं फिस्सकन हसली. किसणी बूच परत लावायला धावला, बायकोने मूठ मिटून घेतली. आता पुढचा प्रश्न त्याला सुचेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुचेना, आणि मग त्याच्या तोंडून खरं निघालं.

"आईला गाडी लागते. मागच्या वेळचं आठवत नाही का तुला? जुनी गाडी महिनाभर वास मारत होती. सीटची कव्हरं नवीन आहेत."

सासूबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या होत्या.

एवढंच होतं ते. लेकीची भेट एका पारड्यात आणि सीटची कव्हरं दुसऱ्यात, आणि वजनकाटा घेऊन हिंडणाऱ्या या बहाद्दराला कव्हरं जड वाटली होती. बायकोला त्याचा राग यायचाही थांबला. ओट्यावर सांडलेल्या पाण्याकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

सासूबाई गाडीपाशी आल्या. "अरे, मला माहीत नव्हतं का ते?" त्या म्हणाल्या. "तोंडाने म्हटलं असतंस तर पिशवी हातात धरून बसले असते. एवढंसं 'नाही' म्हणायला केवढी पेटी लागली रे तुला."

सासूबाईंनी रिकामी गादी घडी करून त्याच्या हातात दिली आणि खिडकीशी बसल्या. पट्टा स्वतः लावला. मग कापडी पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "चल. वाटलं तर सांगेन, तेव्हा थांबव. नाही थांबवलीस तर कव्हर तुझं आहे."

त्याने प्रत्येक वेळी थांबवली. घाटात एकदा त्यांना उलटी झाली, ती पिशवीत झाली. धाकट्याने पाण्याची बाटली पुढे केली, आजीने चूळ भरली, आणि गाडी पुन्हा चालू झाली. ज्याच्यासाठी इतके दिवस दुकानं पालथी घातली गेली, ते अरिष्ट इतकंच होतं. बायको पुढच्या सीटवर बसून ताईला काय सांगायचं ते मनाशी जुळवत होती. अक्षर न् अक्षर सांगणार होती ती. पुठ्ठ्याच्या धुडापासून सगळं.

ताई आणखी वाळली होती. उशीवर नुसते डोळे उरले होते. सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या, तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती वाट बघायला लावलीस गं आई," ताई म्हणाली. "दर खेपेला दाराकडे बघायचे. सगळे यायचे, तू नाही. मला वाटलं, तुझ्या मनात काही आलं की काय माझ्याबद्दल."

बायको एक पाऊल पुढे झाली. पण सासूबाईंचं उत्तर आधी आलं.

"वेडी का काय? गाडीत जागा नव्हती गं. टपावरची पेटी हवी तशी मिळेना. बिचारा किती दुकानं हिंडला माझ्यासाठी. कामावरून दमून यायचा, आणि परत चौकशीला जायचा."

ताईने मान वळवून भावाकडे पाहिलं. तो गादीची घडी छातीशी धरून दारात उभा होता. तिचे डोळे भरून आले.

"एवढं केलंस रे आईसाठी?"

किसणीला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. त्याने तिथेच जमिनीवर बसकण मारली, गादीचं तोंड ओठात धरलं आणि फुंकायला सुरुवात केली. त्याची मान लाल झाली, कपाळाला घाम आला, तरी तो मान वर न करता फुंकत राहिला. हवेचा पंप बाहेर पेटीत होता. तो आण, असं त्याला कुणी सांगितलं नाही.